बीपीमुळे किडनी बिघडते की किडनीमुळे बीपी वाढतं? आणि गोळी बंद करावी का?

इंदिरानगरची · शुक्रवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतीच्या धाग्यांवरच असते, पण आज जरा घाबरून लिहितेय.

ह्यांना (वय ५८) सात-आठ वर्षांपासून बीपी आहे. इतकी वर्षं एकच ॲम्लोडिपिन चालू होती. वरचं बीपी दीडशेच्या आसपास असायचं आणि "वयोमानाने इतकं चालतंच" असं सगळे म्हणायचे. हल्ली पावलं सुजायला लागली म्हणून नवीन फिजिशियनकडे गेलो. बीपी निघालं १५६/९४. त्यांनी रक्ताबरोबर लघवीचीही एक तपासणी लिहून दिली, अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो म्हणतात ती. इतक्या वर्षांत ही कुणी सांगितलीच नव्हती. ती आली १८०. रक्तातलं क्रिएटिनिन १.१, म्हणजे नॉर्मलच. मग ॲम्लोडिपिन निम्मी करून टेल्मिसार्टन ४० सुरू झाली.

तीनेक आठवड्यांनी सांगितल्याप्रमाणे रक्त पुन्हा तपासलं तर क्रिएटिनिन १.३! पोटॅशियम ४.८. डॉक्टर बाहेरगावी आहेत, सोमवारशिवाय भेट नाही. आमच्या शेजारच्या काकांचा भाऊ डायलिसिसवर आहे. ते रिपोर्ट बघून म्हणाले, "ही गोळीच किडनी खातेय, आजच्या आज बंद करा."

बंद करू का सोमवारपर्यंत? आणि मुळात हे आधी बीपी होतं म्हणून किडनीला लागलं, की किडनी आधीपासून बिघडत होती म्हणून बीपी हटत नव्हतं?

सिडकोचा_भिडू · ९:५२

ताई, सरळ बंद करा. आमच्या आत्याचं असंच झालं होतं. गोळी सुरू झाली आणि किडनी गेली. केमिकल ते केमिकलच.

खोडकर_आजोबा · ९:५८

भिडू, ही तीच आत्या का जिचे केस थायरॉइडच्या गोळीने गेले आणि गुडघे कॅल्शियमच्या गोळीने? माउलीला एकदा इथे सदस्यत्व द्या, म्हणजे तिची बाजूही ऐकू.

लॅबवाली · १०:२०

पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. औषधाचं डॉक्टर लोक सांगतील, मी रिपोर्टपुरतं बोलते.

इंदिरानगरची ताई, १.१ नॉर्मल हे वाक्य आधी सोडा. क्रिएटिनिन हा स्नायूंमधून येणारा आणि किडनीने गाळून टाकायचा कचरा, त्यामुळे तोच आकडा प्रत्येकाच्या बाबतीत वेगळं सांगतो. ५८ वर्षांच्या पुरुषाला १.१ असेल तर किडनीची गाळण्याची क्षमता, म्हणजे रिपोर्टवर ई-जीएफआर म्हणून छापतात ती, साधारण ७८ निघते. ७० वर्षांच्या बाईला हेच १.१ असेल तर ती ५४ च्या आसपास येते, म्हणजे मध्यम टप्प्यापर्यंत घसरलेली. आणि रिपोर्टवर दोघांच्याही आकड्यापुढे "नॉर्मल रेंज" लिहिलेलं असू शकतं! १.३ ला तुमच्या ह्यांची क्षमता ६४ च्या आसपास येईल.

खरी बातमी लघवीत आहे. अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, लघवीतला त्याचा हा आकडा ३० च्या आत हवा. ३० ते ३०० म्हणजे गाळणी गळायला लागली आहे, ३०० च्या वर म्हणजे चांगलीच गळतेय. हे बरेचदा क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी आधी दिसतं. लोक दरवर्षी "फुल बॉडी चेकअप" करतात, त्यात साठ-सत्तर चाचण्या असतात आणि नेमकी हीच नसते. साध्या लघवीच्या पट्टीवर थोडं अल्ब्युमिन निसटू शकतं.

फक्त एका नमुन्यावर शिक्का मारू नका. ताप, लघवीचा संसर्ग, आदल्या दिवशीचा जबर व्यायाम, बायकांची पाळी, यानेही आकडा वाढतो. सकाळची पहिली लघवी द्या आणि तीन महिन्यांत पुन्हा तपासा.

चिवडा_पोटभर · १०:३१

वाचूनच लघवीला जाऊन आलो. फेस दिसला. संपलो का मी?

लॅबवाली · १०:३३

उंचावरून धार पडली की फेस येतोच. रोज, दाट, फ्लश केला तरी न जाणारा असेल तर तपासा.

ओपीडी_नंतर · ११:१५

फिजिशियन आहे, पण इथे बसून कुणाचा उपचार करणार नाही. समजून घेण्यापुरतं लिहितो.

आधी शेजारच्या काकांचं. टेल्मिसार्टनसारखी गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढणं अपेक्षितच असतं. म्हणून तर तुमच्या डॉक्टरांनी दोन ते चार आठवड्यांत रक्त पुन्हा तपासायला सांगितलं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ, आणि ती पुढे वाढत न जाता थांबणारी असेल, तर सहसा गोळी चालूच ठेवतात. १.१ चं १.३ म्हणजे साधारण १८ टक्के. पोटॅशियमही ठीक आहे. साडेपाचच्या वर गेलं असतं तर मीच रात्री फोन करायला सांगितलं असतं. तेव्हा सोमवारपर्यंत स्वतःहून काही बंद करू नका. जुलाब-उलट्या झाल्या, लघवी कमी झाली किंवा उठताना चक्कर आली, तर मात्र सोमवारची वाट न बघता जवळच्या डॉक्टरांना गाठा. अंगातलं पाणी कमी झालं की ही गोळी तेवढ्यापुरती थांबवावी लागते.

आता वाढ का होते ते. दोन्ही किडन्या मिळून जेमतेम तीनशे ग्रॅमच्या, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा किंवा थोडा जास्तच त्यांच्याकडे जातो. प्रत्येकीत सुमारे १० लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळण्याची सूक्ष्म यंत्रं. दिवसाला १८० लिटर पाणी गाळून बाहेर येतं आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत आत घेतलं जातं. प्रत्येक नेफ्रॉनमध्ये केशवाहिन्यांचा एक गुच्छ असतो. त्यात रक्त एका बारीक धमनीने येतं आणि दुसरीने बाहेर जातं. अँजिओटेन्सिन नावाचं रसायन बाहेर जाणारी वाट जास्त आवळतं, त्यामुळे गुच्छाच्या आत दाब वाढतो. टेल्मिसार्टन ती वाट सैल करते. आतला दाब उतरतो, अल्ब्युमिनची गळती कमी होते, आणि दाब उतरल्यामुळे गाळण्याचा वेगही किंचित घटतो. क्रिएटिनिनचा तो ०.२ इथून येतो. आज थोडा वेग घालवून पुढची अनेक वर्षं नेफ्रॉन वाचवायचे, असा हा सौदा आहे.

ॲम्लोडिपिन बाहेरचं बीपी उतरवते, पण ती मुख्यतः आत येणारी वाट रुंद करते. त्यामुळे लघवीत अल्ब्युमिन असताना ती एकटी पुरत नाही. पावलांची सूजही बहुधा तिचीच असावी. त्या सुजेच्या निमित्ताने कुणीतरी लघवी तपासली हे बरंच झालं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला उद्या लिहितो. डोळे मिटतायत.

द्राक्षबाग_निफाड · शनिवार, पहाटे ५:५०

डॉक्टरसाहेब, तुम्ही झोपा, मी सांगतो. आमच्या बागेत ठिबक आहे. मोटारीचा दाब जास्त झाला की आधी फिल्टरची जाळी ताणते, मग फाटते आणि गाळ पुढे जातो. हे झालं बीपीने किडनी बिघडणं. आता उलटं बघा. जाळी चोंदली की शेवटच्या ओळीला पाणी पोचत नाही. माणूस काय करतो? पाणी पोचत नाही म्हणून दाब आणखी वाढवतो. किडनी पण तेच करत असणार.

ओपीडी_नंतर · ८:०५

याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. फक्त एक भर: तुमची जाळी दुकानात मिळते, नेफ्रॉन गेला की पुन्हा उगवत नाही. उरलेल्यांवर जास्तीचा भार पडतो, त्यांच्यातला दाब वाढतो, मग तेही थकतात.

आणि दाब वाढवण्याची किल्ली खरंच किडनीच्या हातात आहे. तिला रक्त कमी पोचतंय असं वाटलं की ती रेनिन सोडते. त्यातून पुढे अँजिओटेन्सिन तयार होतं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक वाढतं आणि शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं. रक्तस्राव झाला, जुलाब झाले तर हीच यंत्रणा जीव वाचवते. किडनी आतून आजारी असताना तीच यंत्रणा कारण नसताना चालू राहते. शिवाय आजारी किडनी मीठ नीट बाहेर टाकत नाही, ते निराळंच.

म्हणून ताई, ह्यांच्या बाबतीत आधी कोण हे आज छातीठोकपणे सांगता येणार नाही. आठ वर्षांपूर्वी लघवी तपासली असती तर कळलं असतं. आता दोन्ही बाजूंनी फास सोडवायचा. साखर तपासली आहे ना? मधुमेह असेल तर गणित बदलतं.

इंदिरानगरची · ८:४०

साखर काठावर आहे. खूप धीर आला तुम्हा सगळ्यांमुळे. गोळी चालू ठेवलीय.

सिडकोचा_भिडू · ८:५५

ठीक आहे, आत्याला विचारतो गोळी नेमकी कोणती होती.

चिवडा_पोटभर · ९:३०

मिठाबद्दल कुणी बोलत नाही म्हणजे सगळे नाशिककर दिसता. मला कालच्या फेसाने झोप नाही, म्हणून स्वयंपाकघरात हिशोब मांडला. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ. म्हणजे एक सपाट चमचा, आणि त्यात सगळं आलं. आता रविवारची मिसळ घ्या: मटकीत मीठ, रश्श्यात मीठ, शेवेत मीठ, पापडात मीठ, पावातही मीठ. वर "तर्री द्या अजून". दुपारच्या जेवणाला लोणचं. चार वाजता चिवडा. माझा कोटा सकाळी दहालाच संपतो.

खोडकर_आजोबा · ९:४१

मिसळीवर टीका करणाऱ्यांना या धाग्यावरून तडीपार करावं. मी बावन्न साली जन्मलो, आजवर मिसळ सोडली नाही. बीपी १३०.

लॅबवाली · ९:४४

आजोबा, गोळ्या किती घेता ते पण लिहा.

खोडकर_आजोबा · ९:४६

तीन. तो मुद्दा नाही.

मखमलाबादची_सूनबाई · १०:१०

आमच्याकडे सासूबाईंसाठी मीठ कमी केलं तेव्हा घरात महायुद्ध झालं होतं. मग युक्ती काढली. भाजी शिजवताना मीठ निम्मं, वर लिंबू, ओलं खोबरं, भाजलेल्या जिऱ्याची पूड. पानात मीठ वाढायचं नाही. ताटाच्या डावीकडची बाजूच आवरली: लोणचं, पापड, मिरगुंडं. पापडखाराचा मुद्दा राहिलाच! त्यातही सोडियम असतं, आणि भज्यांतल्या सोड्यातही. जीभ दोन-तीन आठवड्यांत सरावते. आता बाहेरची भाजी त्यांनाच खारट लागते.

आणि सैंधव मीठ खाल्लं तर चालतं, हे प्लीज कुणी लिहू नका. रंग गुलाबी असला तरी तेही सोडियम क्लोराइडच.

आयुर्वेदप्रेमी · १०:२५

सैंधवाला नेहमीच्या मिठाच्या पंगतीत बसवणं पटत नाही. आणि सगळा धागा गोळ्यांवरच चाललाय. पुनर्नवा, गोक्षुर यांचा विचार कुणी का करत नाही?

ओपीडी_नंतर · ११:००

वैद्यांच्या देखरेखीखाली, दोघा डॉक्टरांना एकमेकांचं माहीत असेल अशा रीतीने कुणी काही घेत असेल तर माझी हरकत नाही. हरकत आहे ती लेबल नसलेल्या पुड्यांना. जत्रेत, बसस्टँडवर "किडनी साफ" म्हणून मिळणाऱ्या चूर्णांत काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. जड धातू असले तर त्यांचा पहिला घाव किडनीवरच बसतो.

मखमलाबादच्या ताईंच्या मुद्द्याला एक जोड: "लो सोडियम" मिठाची पाकिटं किडनीच्या रुग्णांनी विचारल्याशिवाय वापरू नयेत. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. टेल्मिसार्टन चालू आहे, किडनी अशक्त आहे आणि वरून हे मीठ, असं झालं तर रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. शहाळ्याचंही तसंच. आजारी माणसाला भेटायला जाताना आपण हटकून शहाळं नेतो, पण ज्याची किडनी बरीच उतरली आहे त्याच्यासाठी ते पथ्याचं नाही.

सातपूर_शिफ्ट · रात्री १०:५०

वाचत होतो, लिहावं की नको करत होतो.

मी डायलिसिसवर आहे. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. आधी कंपनीत मशीनवर होतो. कंपनीच्या वार्षिक तपासणीत बीपी १८० आलं होतं, तेव्हा वय चाळिशीच्या आत. काहीच त्रास नव्हता. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती. गोळी दिली होती, पहिली स्ट्रिप संपली आणि विषय संपला. कमरेसाठी मात्र मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणायचो, नाइट शिफ्ट असली की हमखास. कुणी अडवलं नाही. भूक गेली, सकाळी मळमळ, चेहरा सुजलेला, तेव्हा तपासलं तर क्रिएटिनिन ९ च्या पुढे. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आकसलेल्या. डॉक्टरांना विचारलं, बीपीने गेली की पेनकिलरने? ते म्हणाले, इतक्या उशिरा सांगता येत नाही, बायोप्सीचाही उपयोग नाही.

आता बीपीचा खेळ रोज बघतो. दोन डायलिसिसच्या मध्ये पाणी साठतं, वजन दोन-अडीच किलो वाढतं, बीपी वर. मशीनवर पाणी काढलं की बीपी खाली, कधी इतकं खाली की पायात गोळे येतात. फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडलेल्या हातावर बीपी बघू द्यायचं नाही, त्या हातातून रक्तही काढू द्यायचं नाही, हे प्रत्येक नवीन सिस्टरला सांगावं लागतं.

खर्चाचं विचारतात लोक, म्हणून: महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. केंद्र सरकारचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून आहे, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा, नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक असेल तर आधीच दुरुस्त करून घ्या. माझे त्यात बरेच हेलपाटे झाले.

सिडकोच्या भिडूवर राग नाही. पण "बंद करा" इतक्या सहज लिहू नका भाऊ.

सिडकोचा_भिडू · ११:०५

नाही लिहिणार दादा. काळजी घ्या.

द्राक्षबाग_निफाड · रविवार, सकाळी ६:१५

दादा, तुमचं वाचून पेनकिलरचं डोक्यात राहिलं. एप्रिल छाटणीला आमच्याकडं दिवसभर उन्हात काम. पाणी कमी, संध्याकाळी अंग दुखतं म्हणून प्रत्येक मजुराच्या खिशात एक गोळी. किराणा दुकानातसुद्धा मिळते. हे धोक्याचं आहे का?

ओपीडी_नंतर · ९:२०

आहे. अंगात पाणी कमी असताना किडनी काही नैसर्गिक रसायनांच्या जोरावर आत येणारी वाट उघडी ठेवते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही औषधं तीच रसायनं बंद पाडतात. त्यात टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर तिघं मिळून किडनी एकदम बसवू शकतात. मध्य अमेरिकेत, एल साल्वादोर आणि निकाराग्वाच्या उसाच्या शेतात, मधुमेह-बीपी नसलेल्या तरुण मजुरांच्या किडन्या निकामी होताना आढळल्या. त्यामागे ऊन आणि कष्ट यांचा हात मोठा असावा, असं तिथले बरेच अभ्यासक मानतात. आपल्याकडे आंध्रातल्या उद्दानम भागातही तसा आजार आहे, त्याचं कारण अजून नक्की झालेलं नाही. बागेत सावलीची सुट्टी आणि पाण्याचा ड्रम ठेवा. दुखण्यावर मोजून पॅरासिटामॉल बरं.

इतिहासाचा_किडा · दुपारी १:४०

जेवण झालं, आता माझी पाळी. "आधी कोण" हा ताईंचा प्रश्न जवळपास दोनशे वर्षं जुना आहे.

लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये रिचर्ड ब्राइट नावाचे डॉक्टर होते. १८२७ मध्ये त्यांनी दाखवलं की अंगावर सूज आणि लघवीत अल्ब्युमिन असलेल्या रुग्णांच्या किडन्या खराब असतात. चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर तापवायची, अंड्यासारखी गोठली की अल्ब्युमिन आहे. म्हणजे लॅबवालीताईंची तपासणी, चमच्यावर! पुढे १८३६ मध्ये त्यांनी लिहिलं की अशा रुग्णांचं हृदयही मोठं आणि जाड झालेलं सापडतं. गंमत म्हणजे बीपी मोजायचा दंडाचा पट्टा तेव्हा नव्हताच. तो रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये आणला. दाब न मोजता, हृदयाकडे बघून या माणसाने नातं ओळखलं.

१८९८ मध्ये स्टॉकहोममध्ये टिगरस्टेड आणि बर्गमन यांनी सशाच्या किडनीचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला आणि त्याचं बीपी चढलं. त्यांनीच रेनिन हे नाव दिलं, आणि मग ते बरीच वर्षं विस्मरणात गेलं. १९३४ मध्ये गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या किडनीची धमनी चिमट्याने थोडी आवळली आणि बीपी वाढून तसंच राहिलं. किडनी बीपी वाढवते याचा तो ठाम पुरावा.

आणि औषध कुठून आलं? ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या विषारी सापाच्या विषातून धागा मिळाला. हा साप चावला की बीपी कोसळतं. त्यावरून कॅप्टोप्रिल हे बीपीचं औषध घडवलं, अमेरिकेत १९८१ मध्ये त्याला मान्यता मिळाली. टेल्मिसार्टन रेनिन-अँजिओटेन्सिनच्या त्याच साखळीत एक पायरी पुढे काम करते.

खोडकर_आजोबा · १:५५

तीन गोळ्यांपैकी एक सापाची निघाली. नागपंचमीला डबीलाच हळदकुंकू वाहतो आता.

गोल्फ_क्लब_वॉकर · संध्याकाळी ७:२०

मला एक कळत नाही. आमच्या ग्रुपमध्ये एकाचे डॉक्टर म्हणतात १३०/८० च्या आत ठेवा, दुसऱ्याचे म्हणतात १२० च्या आत. माझे वडील ७८ चे, ११८ झालं की भिंत धरून चालतात. किडनी वाचवायची की खुबा?

ओपीडी_नंतर · ९:००

इथे डॉक्टरांमध्येही मतभेद आहेत. किडनीच्या आजारासाठी २०२१ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना वरचं बीपी १२० च्या आत म्हणते. त्यामागे २०१५ चा अमेरिकेतला मोठा अभ्यास आहे: १२० च्या आत ठेवलेल्या गटात हृदयविकार आणि मृत्यू कमी झाले, पण बीपी फार उतरणं, भोवळ येऊन शुद्ध हरपणं आणि किडनीला अचानक धक्का बसणं वाढलं. शिवाय त्यात बीपी मोजलं होतं शांतपणे, पाच मिनिटं बसवून, यंत्राने. आमच्या ओपीडीत माणूस दोन जिने चढून येतो, बोलत बोलत बाही वर करतो, आणि तो आकडा आपण त्या १२० शी ताडून बघतो. हे चुकीचं आहे. तुमच्या वडिलांना उभं करून बीपी बघा, आणि उभं राहिल्यावर पडत असेल तर १२० चा हट्ट मी तरी धरणार नाही.

गोल्फ_क्लब_वॉकर · ९:१५

मग घरी मोजलेलं धरायचं का?

लॅबवाली · ९:३०

धरायचं, पण नीट मोजलेलं. मनगटाचं नको, दंडाचं यंत्र घ्या. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या, लहान पट्ट्याने बीपी जास्त दाखवतं. चहा-तंबाखू अर्धा तास आधी बंद, लघवी करून या, पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीत. पाच मिनिटं गप्प. मिनिटभराच्या अंतराने दोनदा, सकाळी गोळीच्या आधी. घरी सरासरी १३५/८५ च्या वर म्हणजे बीपी आहे असं धरतात. आणि वहीत सगळे आकडे लिहा, फक्त आवडलेले नाही.

संपादक · ९:४५

धागा चांगला चाललाय. विनंती एकच: कुणी कुणाला डोस सुचवू नका. दोन प्रतिसाद त्यासाठी उडवले आहेत.

इंदिरानगरची · सोमवार, दुपारी ३:१०

जाऊन आलो. डॉक्टर म्हणाले गोळी चालू ठेवा, महिन्याभराने पुन्हा रक्त. मग त्यांनी ह्यांना विचारलं, "दुखण्याची गोळी घेता का?" हे म्हणाले नाही. मी म्हटलं नाही. आणि मग हे हळूच म्हणाले, "गुडघ्यासाठी कधीतरी." कधीतरी म्हणजे जवळजवळ रोज, आणि गोळ्या स्कूटरच्या डिकीत! सातपूरच्या दादांचा प्रतिसाद ह्यांना वाचायला दिला. काही बोलले नाहीत, पण डिकी रिकामी केली.

ओपीडी_नंतर · ४:००

रिपोर्टमध्ये कधीच न येणारी माहिती ही. बीपी न हटण्याचंही ते एक कारण असू शकतं, कारण या गोळ्या मीठ-पाणी धरून ठेवतात.

इंदिरानगरची · तीन महिन्यांनी

जुना धागा वर काढतेय. क्रिएटिनिन १.२ वर थांबलंय, लघवीतलं अल्ब्युमिन १८० वरून ७० वर आलं. घरचं बीपी १२८-१३० च्या आसपास. ॲम्लोडिपिन निम्मीच आहे, सूज नाही. शेजारच्या काकांना रिपोर्ट दाखवला, ते म्हणाले लॅब बदलून बघा.

खोडकर_आजोबा · त्याच दिवशी

काकांना इथे आणा. आत्याला सोबत होईल.

नवी_पाखरू · दुसऱ्या दिवशी

पहिलाच प्रतिसाद, आगाऊपणा वाटला तर माफ करा. मी २९ वर्षांची, आयटीत आहे, वजन बेताचं. ऑफिसच्या शिबिरात बीपी १६०/१०० आलं, घरीही तसंच येतंय. सगळे म्हणतात टेन्शन कमी कर, योगा कर. पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे. एवढ्या लहान वयात किडनीचा संबंध असू शकतो का?

ओपीडी_नंतर · रात्री

तुमच्या वयात तर तो आधी शोधायचा. टेन्शनवर ढकलून मोकळं होऊ नका. लघवीची साधी तपासणी आणि अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, पोटॅशियम, दोन्ही किडन्यांची सोनोग्राफी हे किमान. तरुण बायकांमध्ये किडनीची धमनी अरुंद होण्याचा एक प्रकार दिसतो. वर गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांत चिमटा लावला, तोच प्रकार निसर्गाने केलेला. तो फुग्याने रुंद करता येतो आणि बऱ्याच जणींचं बीपी उतरतं. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, त्यांनीही वाढतं. आणि बाळाचा विचार आहे हे पहिल्याच भेटीत सांगा. टेल्मिसार्टनच्या जातीची औषधं गरोदरपणात चालत नाहीत, बाळाच्या किडनीला अपाय होतो. दुसरी सुरक्षित औषधं आहेत. घरात कुणाला किडनीचा आजार?

नवी_पाखरू · रात्री

आईला चाळिशीच्या आतच बीपी सुरू झालं. मामाच्या किडनीत पाण्याच्या गाठी आहेत असं ऐकलंय, पण कुणी नीट सांगत नाही.

ओपीडी_नंतर · रात्री

मग सोनोग्राफी याच आठवड्यात करा, आणि आईचीही. गाठींचा तो आजार आनुवंशिक असेल आणि आईवडिलांपैकी एकाला असेल, तर तो मुलांत येण्याची शक्यता निम्मी असते, आणि त्यात किडनीचं काम चांगलं असतानाच बीपी वाढतं. मामांचे जुने रिपोर्ट मिळाले तर सोबत न्या.

नवी_पाखरू · रात्री

आईला कळवते. सोनोग्राफीला उपाशी जावं लागतं का?

लॅबवाली · रात्री

सेंटरला फोन करून विचारा, पोटाचीही असेल तर काही तास उपाशी बोलावतात. किडनी-मूत्राशयासाठी तासभर आधी पाणी पिऊन लघवी रोखून जायचं. सकाळची पहिली वेळ मागा, नाहीतर रोखून बसून जीव जातो.